‘आपोआप’ हा शब्द खोडा : पुण्यातल्या उपग्रहवेड्या विद्यार्थ्यांना खुलं पत्र

पुणे

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तुमच्यापैकी काही जणांचं छोट्या उपग्रहांवरचं सादरीकरण ऐकायला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, चारही बाजूंना सौर पट्ट्या, आत मोबाइलएवढा संगणक. काम बघून मी मनापासून खूश झालो. फक्त सतराव्या स्लाइडवर अडकलो. तिथे एकच ओळ होती : ‘मोहीम संपल्यावर उपग्रह सात वर्षांत आपोआप जळून जाईल.’

मी विचारलं, ‘कोणत्या हवेत?’

समोरचा मुलगा गोंधळला. ‘म्हणजे, सर?’ तेवढ्यात वेळ संपल्याची घंटी वाजली, संयोजकांनी हात जोडले आणि पुढचा गट लॅपटॉपची वायर सोडवत स्टेजवर आला. माझा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. त्या मुलाला वाटलं असणार, म्हातारा खोचक आहे. खोचक आहेच, पण प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर पाच मिनिटांत मावत नाही म्हणून हे पत्र. आणि तो एकटा नव्हता, त्या दिवशीच्या तिन्ही गटांच्या स्लाइडवर तो ‘आपोआप’ होता, म्हणून खुलं पत्र.

आधी माझ्याबद्दल. मी आयुष्यभर फुगे सोडले. जत्रेतले नव्हेत, हवामानाचे. पहाटे आणि दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास हायड्रोजन भरलेला पांढरा फुगा, त्याखाली दोरी, दोरीला रेडिओसोंड नावाची पेटी. तिची बॅटरी पाण्यात भिजवून जागी करायची. दोन-तीन मिनिटांत ती हाताला कोमट लागायला लागली की समजायचं, पेटी जिवंत झाली. मग फुगा सोडायचा आणि आत येऊन आकडे उतरवत बसायचं. फुगा वर जाताना तापमान उतरत जायचं. पुण्याच्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरवर उणे ८० अंशांच्या आसपास पोचलं की थबकायचं आणि तिथून पुढे उलट चढायला लागायचं. शाळेत आपण तपांबर आणि स्थितांबर पाठ केले ना, त्यांची ती शीव. मी ती हजारो वेळा कागदावर ओलांडली. तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे फुगा फुटायचा. हिवाळ्यात पेटी दौंड-भिगवणकडे पडायची, पावसाळ्यात वरचा वारा फिरला की मुळशीच्या डोंगरात किंवा थेट कोकणात. एकदा एका शेतकऱ्याने पोस्टकार्ड पाठवलं होतं : ‘आपले यंत्र माझ्या उसात पडले आहे. घेऊन जाणे. ऊस मोडला त्याचे काय?’

तर माझा फुगा तिसाव्या किलोमीटरवर दम तोडायचा आणि तुमचा ठोकळा पाचशेव्या किलोमीटरवर फिरणार. मधलं जे आहे, त्याविषयी बोलायचं आहे.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय हे तुम्हाला सांगायला नको. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० ओलांडून बराच पुढे गेलाय. त्याने जमीन तापते, समुद्र तापतो, हेही पाठ आहे. पण तोच वायू वरची हवा थंड करतो, हे मी चार कट्ट्यांवर सांगून पाहिलं. लोक हसतात. ‘काका, एकाच वायूने खाली उकाडा आणि वर थंडी?’ हो, एकाच वायूने.

बशीतला चहा आठवा. अमृततुल्यमध्ये उकळता कप समोर आला आणि बस सुटायची घाई असली की आपण चहा बशीत ओततो. पसरला की लवकर निवतो. वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे ही बशी. स्थितांबरात ओझोन सूर्याचे अतिनील किरण खाऊन तापतो, म्हणजे चहा ओझोनच्या किटलीतून येतो. तापलेले रेणू एकमेकांवर आदळतात, आदळता आदळता ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला मिळते, तो थरथरतो आणि १५ मायक्रॉनच्या अवरक्त किरणाच्या रूपात ती बाहेर टाकून मोकळा होतो. वर हवा इतकी विरळ की तो किरण झेलायला पुढे कोणी फारसं नसतं. गेला तो अवकाशात गेला. बश्या वाढल्या की चहा लवकर निवणार.

खालीही रेणू तेच करतो. पण खाली लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी आहे. एकाने टाकलेला किरण काही मीटरांत शेजारचा पकडतो, तो पुढच्याला देतो, काही परत जमिनीकडे येतो. बशी ओतायला जागाच नाही, जो तो दुसऱ्याच्या कपात ओततोय. म्हणून हा वायू खाली कंजूष आणि वर उधळ्या.

हे कळायला उपग्रहांची वाट बघावी लागली नव्हती. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणित करून दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर तपांबर तापेल आणि स्थितांबर थंड होईल. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकीचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ‘तापमानवाढ सूर्यामुळे होतेय’ असं पाठवलं, तर एवढंच विचारा : सूर्य जास्त तापला असता तर वरची हवाही तापली असती ना? मोजमापं उलटं सांगतात. (मी विचारलं. ग्रुपमधून मला काढलेलं नाही, पण आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.)

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा थंडावा मी माझ्या वह्यांतून सिद्ध करू शकत नाही. आमची पेटी बदलली, सेन्सर बदलला की आलेख एका रात्रीत उडी मारायचा. ती उडी हवेची की कारखान्याची, हे ठरवता ठरवता आमचे साहेब निवृत्त झाले. शिवाय आमचा फुगा जिथे फुटायचा त्याच्या वर खरी गंमत सुरू होते. स्थितांबराच्या वरच्या भागाचा भरवशाचा पुरावा मुख्यतः १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या उपग्रहांचा आहे. आणि सुरुवातीच्या दशकांतला बराच थंडावा फ्रिज-एसीतल्या सीएफसी वायूंनी ओझोन खाल्ल्यामुळेही होता. किटलीतच चहा कमी आला तर बशी थंडच राहणार. हे वायू बंद करणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन सावरतोय, तरी वरचा थंडावा थांबलेला नाही.

आता आणखी वर या. १९८९ मध्ये रोबल आणि डिकिन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन दुप्पट झाले तर स्थितांबरावरचं मध्यांबर सुमारे १० अंशांनी आणि त्यावरचं थर्मोस्फिअर, जिथे तुमचा ठोकळा फिरणार, सुमारे ५० अंशांनी थंड होईल. तेव्हा हे फार लांबचं वाटलं असणार. पुढच्या वर्षांत जगभरातून तुकड्यातुकड्याने मोजमापं आली. रॉकेटची, लेसरची, रेडिओलहरींची, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मध्यांबराच्या तापमानाच्या या सगळ्या नोंदी एकत्र लावून बघायचं किचकट काम २००३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केलं. त्याचे प्रमुख लेखक होते तेव्हा आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत असलेले डॉ. गुफरान बेग. पुणेकर त्यांना ‘सफर’च्या हवेच्या आकड्यांमुळे ओळखतात, रस्त्यावरचा धूर मोजणारा माणूस म्हणून. ८० किलोमीटर वरच्या थंडीवरही त्यांनी इतकं काम केलंय, हे तुमच्या एकाही गटाला ठाऊक नव्हतं. पाषाणला बसने जाता येतं. जाऊन या.

नासाच्या टाइम्ड उपग्रहावर सेबर नावाचं उपकरण आहे. त्याच्या २००२ ते २०१९ च्या नोंदींतून दिसलं की मध्यांबर आणि त्याला लागून असलेला थर्मोस्फिअरचा खालचा भाग मिळून तेराशे मीटरांहून थोडा जास्त आक्रसला. त्यातले साडेतीनशेच्या आसपास मीटर कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर, उरलेले सूर्य त्या काळात मंदावला म्हणून. थंड हवा आकुंचन पावते, यात नवल काही नाही. पण खालचा थर बसला की त्यावर रचलेलं सगळं खाली सरकतं, गाद्यांच्या चळतीतली खालची गादी दबावी तसं. पाचशे किलोमीटरवर जी हवा आधी होती ती आता जरा खाली, आणि तिच्या जागी वरची विरळ हवा. चारशे किलोमीटरच्या आसपास हवेची घनता गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना साधारण २ टक्क्यांनी उतरत आलीय.

दोन टक्के ऐकून तुमच्यातला कोणीतरी खांदे उडवेल. सूर्यच एवढा गोंधळ घालतो, त्यात हे दोन टक्के कुठे मोजायचे? शंका रास्त आहे. अकरा वर्षांच्या सौरचक्रात तिथली घनता कित्येक पटींनी वरखाली होते. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांचं काय झालं ते वाचा. अगदी मोठं म्हणावं असंही नसलेलं सौरवादळ आलं, २१० किलोमीटरवरची हवा फुगली, उपग्रहांना मागे खेचणारी हवेची ओढ निम्म्याने वाढली आणि चाळीसच्या आसपास उपग्रह वर चढण्याआधीच गेले. पण खडकवासल्याचं धरण दर पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं, त्याकडे बघत बसलात तर तळाचा गाळ दिसणार नाही. पाणी येतं-जातं, गाळ साचतच राहतो. कार्बन डायऑक्साइड हा तो गाळ. शिवाय सूर्य शांत असतो तेव्हा त्याचा परिणाम जास्त ठळक दिसतो, आणि तुमचा बंद पडलेला ठोकळा सर्वांत रेंगाळणार तोही त्याच शांत वर्षांत.

या हवेचं तिथे काम काय? झाडू मारायचं. माझ्या गल्लीत सकाळी सातला कचरा वेचणाऱ्या ताई ढकलगाडी घेऊन येतात. दोन दिवस आल्या नाहीत की तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली नाकाला रुमाल लावते. पृथ्वीच्या जवळच्या कक्षांत आजवर झाडणारं दुसरं कोणी नव्हतं. जी काही चिमूटभर हवा आहे ती बंद उपग्रहाला घासते, तो खाली घसरतो, खालची दाट हवा त्याला जाळते. हा तुमचा ‘आपोआप’. पगार नाही, सुट्टी नाही. आता तिचा हात हलका होत चाललाय, आणि नेमक्या याच वर्षांत आपण वर दहा हजारांहून जास्त चालू उपग्रह नेऊन ठेवलेत.

एकदा टक्कर झाली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. १० फेब्रुवारी २००९ ला अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सैबेरियावर ७८९ किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. टकरीचा वेग सेकंदाला साडेअकरा किलोमीटरांहून जास्त, म्हणजे स्वारगेटहून शिवाजीनगर एका सेकंदाच्या आत. हजारो तुकडे झाले. त्या उंचीवर झाडू आधीच क्वचित फिरतो, त्यामुळे त्यातले कितीतरी अजून वरच आहेत. २०२५ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी हिशेब मांडला की उत्सर्जन असंच चढत राहिलं तर २०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्यात सुरक्षितपणे मावणाऱ्या उपग्रहांची संख्या २१०० पर्यंत ५० ते ६६ टक्क्यांनी घटेल. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरीसुद्धा कक्षेतल्या वस्तूंचं आयुष्य २००० सालच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी लांबेल, असं २०२१ मधल्या आणखी एका अभ्यासाचं म्हणणं. तुमच्या सात वर्षांवर ३० टक्के चढवा. नऊ वर्षं होतात. तुमच्यातला जो आज दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचं तोवर लग्न होऊन मूल बालवाडीत गेलेलं असेल आणि ठोकळा अजून वर फिरत असेल.

आता सतरावी स्लाइड. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तुम्ही हवेच्या प्रारूपाचं नाव दिलं होतं, एमएसआयएस. चांगलं प्रारूप आहे, जगभर वापरतात. त्यात सूर्यासाठी आकडा भरायची जागा आहे, चुंबकीय वादळांसाठीही आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी वेगळी जागा नाही. ते जुन्या मोजमापांवर बसवलेलं आहे, म्हणजे तुम्ही उद्याचा उपग्रह कालच्या हवेत जाळताय. ‘कोणत्या हवेत?’ असं मी विचारलं ते यासाठी.

मी काय करायला सांगतोय? एका आकड्याच्या जागी दोन लिहा : सूर्य तापलेला असताना किती वर्षं, शांत असताना किती. दुसऱ्या आकड्यात हवा आणखी विरळ धरून बघा, दहा टक्के धरा, वीस धरा, आणि उत्तर कितीने हलतं ते आम्हाला दाखवा. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जुनी २५ वर्षांची मुभा काढून मोहीम संपल्यावर ५ वर्षांत खाली यायचा नियम केला. तुमच्या सात वर्षांना तिथे परवाना मिळाला नसता. आपल्या इस्रोनेही २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलंय, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. कार्टोसॅट-२ जानेवारी २००७ मध्ये ६३५ किलोमीटरवर गेला होता. हवेच्या भरवशावर सोडला असता तर खाली यायला तीसेक वर्षं लागली असती. त्यांनी उरलेलं इंधन जाळून त्याची कक्षा ३८० किलोमीटरपर्यंत उतरवली आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो वातावरणात शिरून संपला. शेवटचं इंधन स्वतःच्या झाडलोटीसाठी राखून ठेवणं मला फार आवडलं. आपण पंगतीत बसतो तेव्हा ताट उचलायची ताकद शिल्लक ठेवतो का?

तुमच्या ठोकळ्यात इंधन नाही, कबूल. मग कक्षा खालची मागा. साडेचारशे मिळाली तर पाचशेचा हट्ट नको. घडी घातलेलं पातळ शीड बसवा, शेवटी उघडलं की ओढ वाढते. वजन काही ग्रॅमांनी वाढेल म्हणून कुरकुर करू नका. कॅमेऱ्याचं वजन वाढवताना नाही केलीत. किंवा, आणि हे ऐकून तुमची तोंडं वाकडी होणार हे मला माहीत आहे, वेगळा उपग्रह सोडूच नका. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतच राहतो, इस्रो त्यावर प्रयोग बसवू देते. त्याचं नाव पोएम. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणातला पोएम-३ आधी ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणला, त्यावर प्रयोग केले आणि २१ मार्चला तो खाली येऊन संपला. तुमचा सेन्सर तिथे बसला तर मागे काहीच उरत नाही. पण मग ‘आमचा उपग्रह’ असं म्हणता येत नाही, हे तुमचं दुखणं. मला कळतं. २२ जून २०१६ ला कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगच्या मुलांचा एक किलोच्या आतला ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी३४ मधून वर गेला, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या अजून परत घ्यायच्या नाहीत मला. तुमच्यासाठीही वाजवायच्या आहेत.

एक मुलगी कार्यक्रमानंतर जिन्यात भेटली. म्हणाली, ‘सर, खाली आणायचं म्हणता, पण कोणाच्या डोक्यावर पडलं तर?’ २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आकाशातून धातूचं कडं पडलं, ते तिला आठवत होतं. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. अखंड टप्पा, टनांच्या भाषेत मोजायचा. तुमचा किलोभराचा ॲल्युमिनियमचा ठोकळा वरच्या वर जळतो. माझी पेटी उसात पडायची कारण ती जळण्याइतक्या वेगाने कधी आलीच नाही, पॅराशूटला लोंबकळत यायची. त्या मुलीचा प्रश्न मात्र मला सादरीकरणातल्या सगळ्या उत्तरांपेक्षा आवडला. ती ज्या गटात आहे, त्यांनी सतरावी स्लाइड तिच्याकडे द्यावी.

नवा हिशेब झाला की त्याच संयोजकांकडे माझ्या नावाने ठेवा. तपासून देईन, लाल शाईचं पेन अजून चालतं. समोरासमोर बोलायचं असेल तर सकाळी या. दुपारी साडेचार-पाचला मी गच्चीवर असतो. फुगा आता दुसरंच कोणीतरी सोडतं, पण ढग नसले तर पांढरा ठिपका पाच-सात मिनिटं दिसतो, मग निळ्यात विरून जातो.

तुमचा,
एक निवृत्त फुगेवाला